‘ॲरे आणि पॉइंटर एकच’ हे सांगणे थांबवावे

परीक्षेच्या आदल्या रात्री भाचीने मला पुढे पाठवलेला संदेश अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत बराच फिरलेला दिसतो. त्याचे म्हणणे असे की, सी या प्रोग्रॅमिंग भाषेत ॲरे (मेमरीतील सलग जागांची रांग) आणि पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) एकच असल्याने अवतरणचिन्हांतल्या शब्दावर सरळ पॉइंटर ठेवावा आणि तो जागच्या जागी उलटा करावा. दोन टोकांच्या अक्षरांची अदलाबदल एक्सॉरने (दोन मूल्यांचे बिट ताडून पाहणाऱ्या क्रियेने) केल्यास तिसरे व्हेरिएबल लागत नाही आणि ही रीत कोणत्याही भाषेतील मजकुराला चालते, असेही त्यात आहे. भाचीचा प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडला आणि ती दोन तास अक्षरे उलटवणाऱ्या निर्दोष लूपमध्ये चूक शोधत बसली.

चूक प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत, पॉइंटर जाहीर करण्यात होती. ॲरे जाहीर करून त्याला शब्द दिला की त्या अक्षरांची प्रत आपल्या मालकीच्या जागेत येते. पॉइंटर जाहीर केला तर हाती येतो तो केवळ मूळ लिटरलचा, म्हणजे अवतरणचिन्हांतल्या त्या शब्दाचा, पत्ता, आणि ते लिटरल आजचे कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) बहुधा केवळ वाचता येणाऱ्या मेमरीत ठेवतात. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकातील कलम ६.४.५ स्पष्ट सांगते की, लिटरल बदलण्याचा प्रयत्न केल्यास पुढे काय घडेल याची भाषा कोणतीही हमी देत नाही. ‘आमच्या लॅबमध्ये तर चालते’ हा युक्तिवाद मीही ऐकला आहे. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या टर्बो सी या कंपायलरमध्ये मेमरीला संरक्षणच नसल्याने ते चालते, एवढाच त्याचा अर्थ.

फंक्शनला ॲरे दिला की पॉइंटरच पोहोचतो, एवढे अर्धसत्य मान्य करावे लागेल. पण तेवढ्याने दोन्ही एक होत नाहीत: ६४ बिटच्या नेहमीच्या यंत्रावर साइझऑफ (एखादी गोष्ट किती बाइट घेते ते सांगणारी क्रिया) पॉइंटरसाठी ८ सांगतो, तर शब्द ठेवलेल्या ॲरेसाठी स्ट्रिंगचा (अक्षरांच्या मालिकेचा) शेवट दाखवणाऱ्या शून्यासह त्याची पूर्ण लांबी.

एक्सॉरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लूपच्या अटीत ‘लहान’ऐवजी ‘लहान किंवा समान’ लिहिले गेले, तर विषम लांबीच्या शब्दातील मधले अक्षर स्वतःशीच एक्सॉर होऊन शून्य होते आणि स्ट्रिंग तिथेच संपते.

‘कोणत्याही भाषेला चालते’ हा दावा मराठी मुलांनी पुढे पाठवावा, याचे मात्र नवल वाटते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ‘नमस्ते’ १८ बाइट घेते: न, म, स, हलन्त, त आणि मात्रा या प्रत्येक चिन्हाला ३. बाइट उलटे केले की चिन्हे मोडतात किंवा भलतीच बनतात आणि शब्द वाचता येत नाही.

भाचीने पॉइंटरच्या जागी ॲरे लिहिला आणि तोच लूप चालला. एक अडचण उरली: शेवटच्या अक्षरावरचा दुसरा पॉइंटर ‘लांबी वजा एक’ने ठरतो, आणि रिकाम्या स्ट्रिंगवर तो ॲरेच्या आधीच जाऊन बसतो. स्ट्रिंग रिकामी आहे का ही तपासणी भाचीने नंतर स्वतःहून घातली.