नोटीस आली? मग वर्ष घालवायची तयारी अशी करा

नोटीस आली की पहिली गोष्ट म्हणजे ती वाचायची नाही. ‘परीक्षेतील गैरप्रकाराबाबत’ एवढा विषय दिसला, पोटात गोळा आला, की काम झालं. कागदाची चार वेळा घडी घालून तो बॅगेच्या त्या कप्प्यात सारा, जिथे गेल्या सेमिस्टरचं हॉल तिकीट आणि वितळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट राहतं. वरचा जावक क्रमांक, त्याच्या शेजारची तारीख, ‘सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा’ ही ओळ, यातलं काहीही नजरेला पडू देऊ नका. आणि शेवटचं वाक्य तर मुळीच वाचू नका: ‘आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये?’ त्यात प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे ही कारणे दाखवा नोटीस आहे, शिक्षेचा आदेश नव्हे. अजून कुणी काही ठरवलेलं नाही, तुमचं म्हणणं विचारलंय. हे एकदा कळलं की माणूस उत्तर द्यायला बसतो, आणि मग वर्ष कसं वाया जाणार?

पाकीटही लगेच फाडून टाका. नोटिशीवर तारीख ३, तुम्ही राहता सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, आणि पत्र परभणीला कायमच्या पत्त्यावर पोचलं ९ तारखेला. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का हाच तुमच्याकडचा एकमेव पुरावा की सातातले सहा दिवस टपालातच गेले. तो जपून ठेवला, त्याचा फोटो काढला आणि पहिल्याच दिवशी ‘नोटीस मला अमुक तारखेला मिळाली, मुदत वाढवून द्यावी’ असं चार ओळींचं पत्र दिलं, तर मुदत बहुधा मिळते. शिवाय कॉलेजने प्रवेशाच्या वेळी दिलेला ई-मेल उघडायची सवय लावून घेऊ नका. नोटीस तिथेही आलेली असते, आणि ‘मला मिळालीच नाही’ म्हणायला तोंड राहत नाही.

अर्थात खरा पाया याच्या आधीच घातलेला असतो, परीक्षेच्या ब्लॉकमध्ये. हे काम मन लावून करण्यासारखं आहे. भरारी पथक येतं, तुमच्या पँटच्या खिशातून मोबाइल निघतो. बंद आहे, बॅगेत ठेवायचा राहिला. उत्तरपत्रिका काढून घेतात. समोर एक छापील फॉर्म येतो: अर्ध्या ओळी छापलेल्या, अर्ध्या ठिपक्यांच्या. बहुतेक ठिकाणी नवी कोरी उत्तरपत्रिकाही मिळते, पण ती टेबलाच्या पलीकडे, सरांच्या कोपराखाली असते. घड्याळात पस्तीस मिनिटं उरलेली. सर वाईट नसतात, घाईत असतात. म्हणतात, ‘लिही रे पटकन, म्हणजे पेपर पुढे लिहायला मोकळा.’ आणि सांगू लागतात: ‘माझ्याकडे मोबाइल सापडला व मी त्यातून कॉपी करत होतो. माझी चूक मला मान्य आहे. पुन्हा असे होणार नाही.’

तुम्ही मान खाली घालून अक्षर न् अक्षर उतरवा. ‘सापडला’ आणि ‘करत होतो’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, हे शाळेत शिकवलेलं विसरा. विद्यापीठांच्या शिक्षांच्या तक्त्यात वस्तू जवळ असणं आणि ती वापरणं यांना सहसा वेगळं माप असतं: एकात त्या पेपरची संपादणूक, म्हणजे मिळवलेले गुण, रद्द होऊन सुटका होऊ शकते, दुसऱ्यात अख्खी परीक्षा जाऊन वर पुढच्या परीक्षेलाही बंदी येऊ शकते. तुम्ही दीड ओळीत स्वतःला एका खान्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलंत. ‘फोन खिशात होता, बंद होता, वापरलेला नाही’ एवढंच लिहून, सहीशेजारी वेळ टाकून, ‘छापील मजकुरातील अमुक ओळ मान्य नाही’ असा शेरा मारता आला असता. पण त्यात चार मिनिटं जातात. पुढचे सहा महिने समितीसमोर ‘दबावाखाली लिहिलं’ असं सांगत बसणं त्यापेक्षा सोपं.

आता खुलासा. स्वतःच्या प्रकरणावर स्वतः लिहिणं कमीपणाचं. सीनियरकडून ‘फॉरमॅट’ मागवा. तो अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर ‘खुलासा फायनल २’ नावाने सापडेल. त्यात ‘मी एका गरीब शेतकरी कुटुंबातील असून’ पासून ‘आपण मायबाप आहात’ पर्यंत सगळं आहे. नाही ते फक्त एकच, आरोपाचं उत्तर. समितीतल्या लोकांना हा खुलासा पाठ असतो.

याउलट एखादा आगाऊ विद्यार्थी काय करतो पाहा, म्हणजे काय टाळायचं ते कळेल. वर विषय आणि संदर्भ: आपले पत्र, जावक क्रमांक, दिनांक. मग नोटिशीतल्या प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर, आणि प्रत्येकाला तीनपैकी एकच: मान्य, अमान्य, किंवा ‘कागदपत्र न मिळाल्याने सांगता येत नाही’. त्यानंतर मागण्या: पर्यवेक्षकांच्या अहवालाची प्रत, जप्त केलेल्या वस्तूचा पंचनामा किंवा नोंद, कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली कारवाई आहे त्याचा आकडा, ब्लॉकमधल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची विनंती, आणि प्रत्यक्ष सुनावणी. फोन त्या वेळेत बंद होता हे दाखवणारं काही हाताशी असेल तर तेही जोडतो. प्रत्येक पानावर सही, जोडपत्रांना नंबर, दोन प्रती. एक आवक-जावकच्या खिडकीत द्यायची, दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. या शिक्क्याला पोच म्हणतात. वर तीच पीडीएफ ई-मेलने. असली किरकिरी मुलं हल्ली वाढली आहेत.

तुम्ही पोच मागू नका. खिडकीमागच्या मॅडम ‘ठेवून जा, साहेबांकडे देते’ म्हणाल्या की विश्वासाने ठेवून या. पुण्यात दुपारी एक ते चार शिक्का मागणं हा तसाही संस्कारांचा प्रश्न आहे.

सीसीटीव्हीची विनंती तर अजिबात लवकर करू नका. चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डीव्हीआरची, जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसून नवं चढतं, कुणाला हात लावावा लागत नाही. तुम्ही दोन महिन्यांनी माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची मर्यादा, एक अर्ज एक विषय, हे महाराष्ट्राचे नियम. तुम्ही सहाशे शब्दांत सहा विषय आणि प्राचार्यांच्या स्वभावावर एक परिच्छेद लिहा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील वीस रुपयांत होतं. त्याचीही तीस दिवसांची मुदत असते, ती चुकवा. स्वतःची उत्तरपत्रिका या कायद्याखाली पाहता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय; त्यामुळे नव्या उत्तरपत्रिकेत तुम्ही लिहिलेलं जुन्यापेक्षा फारसं वेगळं नाही, हे दाखवायची आयती सोय आहे. विसरा.

सुनावणीच्या दिवशी दोन मार्ग आहेत. एक, जाऊच नका. मग ‘विद्यार्थी अनुपस्थित, त्याचे काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येते’ हे वाक्य इतिवृत्तात आपोआप उमटतं. दोन, जा, पण ओळख घेऊन जा. काकांचे साडू कुठल्याशा विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, होते, त्यांचा फोन आधी लावून घ्या. म्हणजे समितीतले दोघे, जे कदाचित तुमच्या बाजूने झुकले असते, ताठ होतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा व मूल्यमापन मंडळ अशा चौकशीसाठी जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमतं. पाचांतला एक जरी दुखावला तरी तुमचा फोन कामी आला म्हणायचा.

आत गेल्यावर सिनेमातल्यासारखं ‘साक्षीदाराला बोलवा!’ म्हणा. ही शैक्षणिक चौकशी आहे, कोर्ट नव्हे. १९७३ मध्ये रांचीच्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दर वेळी तोंडावर उलटतपासणी मिळालीच पाहिजे असं नाही. वकील आणण्याचा हक्कही आपोआप मिळत नाही. सोबत पालक किंवा कुणी बसू देता का, हे आधी लेखी विचारावं लागतं. मात्र १९६२ मध्ये उत्तर प्रदेशच्या बोर्डाविरुद्ध याच न्यायालयाने हेही ठरवलं की गैरप्रकाराची शिक्षा देण्याआधी विद्यार्थ्याला म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे. तिथे तीन मुलांना न विचारताच शिक्षा झाली होती. म्हणजे जे मिळण्यासारखं आहे ते मागायचं नाही आणि जे मिळत नाही त्यावर टेबल आपटायचं. हे संतुलन साधलं की समितीला फार लिहावं लागत नाही. (आख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली असेल तर एकेकाला नोटीस द्यायचीही गरज नाही, असा १९७० चा बिहारचा निकाल आहे. पण तेव्हा तुम्ही एकटे नसता, निदान गप्पांना माणसं असतात.)

तासभर जे घडलं ते बाहेर आल्या आल्या लिहून ठेवायची गरज नाही. कोण होतं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, कोणते कागद दाखवले नाहीत, हे त्याच संध्याकाळी ई-मेलने समितीला कळवणारे असतात. त्यांचा ई-मेल पुढे फाइलमध्ये लागतो. तुम्ही त्याऐवजी विद्यापीठातल्या अनिकेत कॅन्टीनला जाऊन सगळं मित्रांना सांगा, आणि नोटिशीचा फोटो ‘लढेंगे’ लिहून ग्रुपवर टाका. त्या ग्रुपमध्ये दोन प्राध्यापक आहेत.

आदेश आला की त्यात कारणं दिली आहेत का ते बघू नका. कारणं नसलेला आदेश कच्चा असतो, आणि आदेशात नसलेली कारणं नंतर शपथपत्रात घुसवता येत नाहीत, असं १९७८ पासून न्यायालयं म्हणत आली आहेत. तुम्ही मात्र कारणांऐवजी कुलसचिवांची सही किती लफ्फेदार आहे यावर बोला.

इथून पुढे चुकीच्या दारात उभं राहण्याची कला लागते. कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा विभाग कॉलेजचा स्वतःचा असतो. तुम्ही गणेशखिंडीला विद्यापीठात अर्ज द्या, मुख्य इमारतीसमोर एक सेल्फी घ्या, आणि महिन्याने ‘हा विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं उत्तर घ्या. प्रक्रियाच पाळली नाही, किंवा प्रवेशाच्या वेळी दिलेले मूळ दाखले अडवून धरले, अशी तक्रार असेल तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीच नेमलेल्या लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाने तीस दिवसांत निकाली काढायचं. या समितीत एक विद्यार्थीही विशेष निमंत्रित असतो. लोकपालाचं नाव संस्थेच्या संकेतस्थळावर असतं, म्हणून तिकडे जाऊ नका. थेट राज्यपालांना, पंतप्रधानांना आणि तीन वृत्तवाहिन्यांना टॅग करा.

प्रकरण रॅगिंगचं किंवा लैंगिक छळाच्या तक्रारीचं असेल तर घड्याळ आणखी वेगळं चालतं. लैंगिक छळाच्या प्रकरणात अंतर्गत तक्रार समिती तक्रारीची प्रत सात दिवसांत पाठवते आणि तुम्हाला उत्तराला दहाच दिवस असतात. तिथे परीक्षेच्या नोटिशीचा तोच ‘खुलासा फायनल २’ चालवून बघा. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला असेल, तर वकिलाला न विचारता कॉलेजला पाच पानी सविस्तर कबुली लिहून द्या; तपास अधिकाऱ्याचा वेळ वाचतो.

वकील परवडत नाही म्हणून रडायचं असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे हे कुणाला सांगू नका. तिथे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मदत मिळते, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. शेवटचं दार उच्च न्यायालयाचं. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे त्यात नाही; आपल्याला मुंबईच. रिट याचिकेत पहिलं पान उघडलं की न्यायाधीश विचारतात, ‘तुमचं लेखी उत्तर कुठे आहे?’ वकील तुमच्याकडे बघतो. तुम्ही बॅगेचा तो कप्पा उघडा. चॉकलेट आहे तिथेच असेल.

एवढं सगळं नीट पार पडलं की पुढच्या वर्षी ज्युनियरचा मेसेज येईल: ‘दादा, कॉपी केसच्या खुलाशाचा फॉरमॅट आहे का?’ लगेच पाठवा. नाव आणि सीट नंबर बदलायला सांगा. तुम्ही स्वतः वापरताना बदलला नव्हता, हे नाही सांगितलं तरी चालेल.