पालिकेने आम्हाला एक वार ठरवून द्यावा

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. कितीतरी गावांत तीन-चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, तिथे आता नगराध्यक्ष आणि नगरसेवक बसलेत. बऱ्याच ठिकाणी महोत्सवाची बोलणी सुरू झाली आहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच आत्ता लिहितेय: गावातल्या विक्रेत्यांना पालिकेने महिन्यातला एक बाजाराचा वार ठरवून द्यावा. एकदा मांडववाल्याला विसार गेला आणि फ्लेक्स छापून आले की मग कुणी काही बदलत नाही.

मी मसाले, भाजणी आणि मेतकूट करून विकते. आमच्या गटातल्या बाकीच्या बायका पापड-कुरडया करतात, कुणी गोधड्या शिवतात, कुणी शेवया वळते. गावात जिथे जिथे मेळावा भरतो तिथे आम्ही बसतो. त्यामुळे पालिकेचा कार्यक्रम छोट्या धंद्याला कधी हात देतो आणि कधी नुसता थकवतो, हे आम्हाला आतून माहीत आहे.

एका महोत्सवाचं सांगते, नाव घेत नाही. सगळी व्यवस्था एका इव्हेंटवाल्याकडे दिली होती. स्टॉलचं भाडं इतकं लावलं की गावातला एक कुंभार तिथे बसू शकला नाही, एक बुरूड नाही, चप्पल शिवणारा नाही. बाहेरगावचे गालिचेवाले, खोट्या दागिन्यांची दुकानं आणि गाड्यांच्या कंपन्या, यांनीच मैदान भरलं. आम्हाला गट म्हणून स्टॉल फुकट मिळाले, पण स्टेजच्या स्पीकरला लागून. संध्याकाळी सहानंतर गिऱ्हाईकाला भाव सांगायचा तर कानाशी जाऊन ओरडावं लागायचं. मैदानात एकच शौचालय, त्याला कुलूप. बायका सकाळपासून पाणी न पिता बसल्या होत्या. ऑर्केस्ट्रावर झालेल्या खर्चात त्या मैदानाला वर्षभर दिवे आणि पाणी मिळालं असतं. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो, कारण हा पैसा गावाने भरलेल्या घरपट्टी-पाणीपट्टीचा आहे.

खरं तर आपल्याकडे हे काम शेकडो वर्षं चालत आलंय. आठवडी बाजार बघा. बुधवारी बाजार, म्हणजे बुधवारी बाजार. जाहिरात नाही, उद्घाटन नाही. पंचक्रोशीतल्या माणसाला वार पाठ असतो. माळवं घेऊन येणारी आजी पहाटे पाल टाकते, पावती फाडते, भवानी झाली की चहा घेते. जागा ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची, वसुली तिची, झाडलोट तिची. यात्रांचंही तेच. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलबाजार भरतो, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार. माणूस देवाला येतो आणि जाताना घोंगडं, पाटा-वरवंटा, नांगराचा फाळ घेऊन जातो. गिऱ्हाईक येणारच याची खात्री असते, म्हणून विकणारा माल भरायची हिंमत करतो.

छोट्या धंद्याला सगळ्यात जास्त याच खात्रीची गरज असते. वर्षातून एकदा चार दिवसांचा झगमगाट झाला तर त्यावर कुणी धंदा उभा करू शकत नाही. दहा किलो भाजणी दळायची की पन्नास, हे मला पुढचा बाजार कधी आहे यावरून ठरवावं लागतं. चव आवडलेलं गिऱ्हाईक मला पुन्हा कुठे शोधणार? महिन्याचा एक वार ठरला तर ते स्वतः पिशवी घेऊन येईल.

शहरांत याचा एक चांगला नमुना झालेला आहे. २०१६ मध्ये राज्याने संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केलं. त्याच वर्षी फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला होता, म्हणजे शेतकऱ्याला तो थेट विकता येऊ लागला. ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी शेतकरी गट टेम्पो घेऊन येतात आणि सोसायट्यांतली माणसं आठवड्याची भाजी तिथून नेतात. जागा मिळाली आणि वार पक्का झाला, एवढ्यावर कितीतरी घरांचं उत्पन्न वाढलं. मग हेच कुंभाराला, शिंपिणीला, वाळवणं करणाऱ्या बाईला का मिळू नये?

पालिकेला यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. बाजार कुठे आणि कधी भरवायचा हे त्या समितीसमोर ठेवा, पाण्याचा नळ कुठे हवा हे तिच्यातल्या बायकाच सांगतील. महिला व बालकल्याणासाठी अर्थसंकल्पात ५ टक्के रक्कम बाजूला ठेवायची असते, ती शिलाई मशीनच्या वाटपापाशीच का थांबावी? मशीन मिळालेल्या बाईला शिवलेलं विकायला जागाही द्या. २०२० पासून पीएम स्वनिधीतून हातगाडीवाल्यांना १० हजारांपासून कर्ज मिळालं, अर्जांची पडताळणी पालिकेनेच केली. भांडवल झालं, आता गिऱ्हाईक आणून देण्याची पाळी आहे.

तारखांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण बैठकांत याचा विचार होताना मी पाहिलेला नाही. दिवाळीचा मेळावा बहुतेक ठिकाणी वसुबारसेच्या आसपास भरतो. तोवर घराघरांत फराळाच्या ऑर्डरी देऊन झालेल्या असतात आणि फराळ करणारी बाई रात्रंदिवस कढईपुढे असते, ती स्टॉलवर बसणार कशी? तो मेळावा नवरात्र ते कोजागिरी या दिवसांत घ्या. चव बघायला तेव्हा लोक येतात, ऑर्डर तेव्हाच मिळते. वाळवणांचा बाजार मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात हवा. मुंबई-पुण्याची माणसं सुट्टीला आलेली असतात आणि परत जाताना पापड-सांडगे-कुरडयांची गाठोडी बांधून नेतात.

आणि संक्रांत! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. एकेक बाई पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वाणं घेते. आज ती कुठून येतात? शहरातल्या होलसेल बाजारातून, प्लॅस्टिकचे डबे आणि गाळण्या. हाच पैसा गावातल्या बुरडाच्या छोट्या परड्यांना, कुंभाराच्या बोळक्यांना, खणाच्या बटव्यांना, तिळाच्या वड्यांच्या पुड्यांना मिळाला तर? सुगडी तर कुंभाराकडूनच येतात, मग वाण का नको? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पालिकेने वाणांचा बाजार भरवावा. पण तो ठरल्याचं दिवाळी सरताच सांगावं. कुंभाराला माती मळायला, वाळवायला, भट्टी लावायला दिवस लागतात. आठ दिवस आधी निरोप आला तर तोही नाइलाजाने तयार माल आणून मांडेल.

मेन रोडच्या दुकानदारांचं म्हणणंही मला पटतं. ते भाडं भरतात, जीएसटी भरतात, आणि समोर मंडप पडला की त्यांचा दरवाजा झाकला जातो. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद करून पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी दुकानं उघडी असतात आणि माणसं रस्त्याच्या मधून, मुलांचा हात सोडून निवांत चालतात. आपल्या गावातही तसंच करता येईल: बाजारपेठेतली वाहनं संध्याकाळपुरती बंद, स्टॉल रस्त्याच्या मध्ये पाठीला पाठ लावून, दोन्ही बाजूंच्या दुकानांची तोंडं मोकळी. दुकानदाराला स्वतःच्या दारापुढे टेबल टाकायचं असेल तर पहिला हक्क त्याचा, आणि त्याचं भाडं घेऊ नये.

आमच्या गटाने पालिकेसाठी अर्ज लिहिला आहे. दर महिन्याचा पहिला शनिवार मागितलाय, तेव्हा पगार झालेले असतात. दुपारी चार ते रात्री नऊ. गावातल्या विक्रेत्यांना आधी जागा, त्या दिवसापुरतं नाममात्र भाडं आणि त्याची पावती. दिवे, पिण्याचं पाणी, बायकांसाठी उघडं आणि स्वच्छ शौचालय. आठ वाजेपर्यंत स्पीकर नाही. गाण्याचा कार्यक्रम हवाच असेल तर गावातलं भजनी मंडळ आणि शाळेची मुलं आहेत, त्यांच्या आई-वडिलांमुळे गर्दीही होईल. पुढच्या अर्थसंकल्पात या बाजाराच्या नावाने वेगळी तरतूद हवी, म्हणजे नगराध्यक्ष बदलला तरी शनिवार बदलणार नाही. अर्जावर विक्रेत्यांच्या सह्या झाल्यात, आता गिऱ्हाइकांच्या हव्यात. सोमवारी सकाळी अकराला आम्ही पालिकेच्या दारात जमतोय.