‘धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही’: स्पॅनिश बालवाडीवरच्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या माहेरच्या ग्रुपवर एकच मेसेज तीनदा आला. तिन्ही वेळा पाठवणारा वेगळा, ‘जरूर वाचा’ मात्र तेच. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी मुलांना स्पॅनिश-इंग्रजी बालवाडीत घालू नये. मूल गोंधळतं, उशिरा बोलतं, इंग्रजी कायमचं कच्चं राहतं, धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही असं होतं. आईबापांना स्पॅनिश येत नाही, मग अभ्यास कोण घेणार? कॅलिफोर्नियात तर अशा शिक्षणावर बंदीच होती. तरी घालायचंच असेल तर घरी मराठी बंद करा, सुट्टीत शंभर स्पॅनिश शब्द पाठ करून घ्या आणि फॉर्मवर घरची भाषा इंग्रजी लिहा.

माझी नात कॅलिफोर्नियात असते. जुलैत पाच पूर्ण होतील, ऑगस्टमध्ये अशाच वर्गात जायचीय, लॉटरीत नंबर लागलाय. मेसेज वाचून लेकीचा भर रात्री कोल्हापूरला मंगळवार पेठेत फोन. मी सत्तावीस वर्षं बालवाडी आणि पहिलीला शिकवलंय, तेव्हा गप्प बसणं जमणार नव्हतं.

गोंधळाचा मुद्दा कोल्हापुरात बसून लोक पुढे पाठवतात, याचंच नवल. गुजरीतलं पोर घरी मारवाडी बोलतं आणि दुकानात गिऱ्हाइकाशी आपल्यापेक्षा ठसक्यात मराठी. माझ्या वर्गात दरवर्षी निपाणी-गडहिंग्लजकडची दोन-चार पोरं असायची, घरी कन्नड बोलणारी. जूनमध्ये “बाई, नीरु” म्हणणारं पोर दिवाळीपर्यंत “बाई, पाणी पिऊन येऊ?” विचारायचं, आणि मधल्या सुट्टीत भावाशी पुन्हा कन्नड. कुणाशी काय बोलायचं हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. दोन भाषांनी बुद्धी मंदावते हा समज जुना आहे. 1923 साली वेल्समधल्या एका अभ्यासाने त्याला बळ दिलं. त्यात दोन भाषांची खेड्यातली मुलं मागे दिसली होती, शहरातल्या मुलांत मात्र तसा फरक नव्हता. म्हणजे दोष भाषेचा की खेड्यातल्या परिस्थितीचा, हे त्यात नीट तपासलंच नव्हतं.

एक मात्र मान्य. नव्या भाषेच्या वर्गात मूल पहिले काही महिने गप्प राहू शकतं. ते ऐकत असतं. पण जे मूल कुठल्याच भाषेत बोलत नाही, त्याला डॉक्टरांना दाखवायला हवं. तिथे दुसऱ्या भाषेवर खापर फोडून वेळ घालवणं वाईट.

आता घरी मराठी बंद करण्याचा सल्ला. याचा मला खरा राग आला. स्पॅनिशची जी तयारी घरी होऊ शकते, ती मराठीतच आहे. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणतात. शब्दाला शब्द लावून बघा: मला आंबा आवडतो. आंबे अनेक झाले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. आवडणारा माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो आणि क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला इथे सगळं उलटं करून घ्यावं लागतं, आपलं पोर जन्मापासून असंच बोलतंय. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ तसं ‘बुएनो’ आणि ‘बुएना’. तू आणि तुम्ही, तसं ‘तू’ आणि ‘उस्तेद’. हो, त्यांचाही ‘तू’ तूच! त्यांचे त आणि द जीभ दाताला लावून म्हणायचे, आपल्यासारखेच. बादलीला ‘बाल्दे’ म्हणतात, कारण आपली बादली पोर्तुगीजांकडून आली आणि ती भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण. आणि हे सगळं सोडून लेकीने घरी मोडकंतोडकं स्पॅनिश बोलायचं? त्यापेक्षा रात्री मराठीत गोष्ट सांगावी आणि मध्येच थांबून “मग पुढं काय झालं असेल?” विचारावं. गोष्ट धरून ठेवण्याची ही सवय वर्गात कुठल्याही भाषेत कामी येते.

आईबापांना स्पॅनिश येत नाही, हा प्रश्न त्या शाळांना नवा नाही. स्पॅनिश बोलणारी आणि न बोलणारी, दोन्हीकडची मुलं एकत्र घेणाऱ्या वर्गात बऱ्याच मुलांच्या घरी स्पॅनिश नसतंच, वर्गाची रचनाच ते धरून केलेली असते.

इंग्रजी कच्चं राहतं, यात अर्धं खरं आहे. ज्याला 90:10 म्हणतात त्या पद्धतीत किंडरगार्टनला दिवसाचा नव्वद टक्के भाग स्पॅनिशमध्ये जातो. मग दरवर्षी इंग्रजी वाढत चौथी-पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं होतं. साहजिकच पहिली-दुसरीत शेजारच्या मुलापेक्षा इंग्रजी वाचन मागे दिसू शकतं. ‘कायमचं’ हा शब्द मात्र खोटा. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये अशा वर्गांच्या जागा लॉटरीने देतात, म्हणून तुलना चोख करता आली. रँड या संस्थेच्या संशोधकांना तिथे दिसलं की नंबर लागलेली मुलं पाचवीत इंग्रजी वाचनात सुमारे सात महिने पुढे होती, आठवीत नऊ महिने. गणित-विज्ञानात ना फायदा ना तोटा. म्हणून लेकीला एवढंच सांगितलं, घालायचं तर पाचवीपर्यंत टिकायच्या तयारीने घाल. दुसरीत घाबरून काढलंस तर तोटा पदरात पडेल आणि फायदा हुकेल.

बंदीचं म्हणाल तर 1998 च्या मतदानाने कॅलिफोर्नियात अशा शिक्षणावर कडक बंधनं आली होती, ती 2016 मध्ये तिथल्याच मतदारांनी उठवली. मेसेज लिहिणारा 1998 ला थांबलाय.

फॉर्मवर खोटं लिहायचा सल्ला तर धोक्याचा. कॅलिफोर्नियात घरच्या भाषेबद्दल फॉर्मवर विचारतात. इंग्रजीखेरीज भाषा लिहिली की तीस दिवसांच्या आत मुलाचं इंग्रजी तपासतात. कमी पडलं तर ‘इंग्रजी शिकणारं मूल’ असा शिक्का मारून मदत देतात आणि पुढे जमायला लागलं की तो शिक्का काढतात. खोटं लिहिलं तर कमी पडूनही ती मदत मिळायची नाही. लेकीने ‘मराठी’ लिहिलं.

राहिले शंभर शब्द. बालवाडीत मी पहिल्या आठवड्यात रडणारी जी पोरं पाहिली, ती शब्द येत नव्हते म्हणून रडत नव्हती. डबा उघडत नव्हता, चेन लागत नव्हती, शू लागली हे सांगायची लाज वाटत होती. म्हणून नातीला सध्या घट्ट झाकणाचा डबा दिलाय, रोज स्वतः उघडून खायचं. आणि एकच शब्द शिकवलाय, ‘बान्यो’, म्हणजे शू-शीची खोली. परवा व्हिडिओ कॉलवर तिने मला विचारलं, “आजी, तुझ्याकडं बान्यो कुठं आहे?” मी फोन घेऊन परसात गेले आणि दाखवला.