पक्षाघातानंतर ‘नुसती कल्पना करा’ हा सल्ला

व्हॉट्सअॅपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. लकव्याने हात लुळा पडला असेल तर रोज डोळे मिटून तो हलतोय अशी कल्पना करा. मेंदूला खरं आणि कल्पना यांतला फरक कळत नाही. मग व्यायाम नको, फिजिओथेरपी नको. कुणालाही जमतं आणि हात हमखास बरा होतो. यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून लोक फसतात.

‘मेंदूला फरक कळत नाही.’ कळतो. कळत नसता तर हात उचलायचा नुसता विचार केला तरी तो वर गेला असता. कल्पना करताना हालचालीची आखणी करणारे मेंदूचे भाग खरोखर कामाला लागतात, पण स्नायूंना जाणारा हुकूम दाबून धरला जातो. मेंदूतज्ज्ञ अल्वारो पास्कुआल-लिओने यांचा १९९५चा प्रयोग या दाव्यासाठी हमखास पुढे केला जातो. पियानो न येणाऱ्या निरोगी लोकांपैकी काहींनी पाच दिवस बोटांनी सराव केला, काहींनी फक्त मनात. मनात सराव करणारे पाचव्या दिवशी जिथे पोचले, तिथे बोटं चालवणारे तिसऱ्याच दिवशी होते. म्हणजे फायदा झाला, पण बरोबरी झाली नाही.

‘व्यायाम नको.’ सगळ्यांत घातक वाक्य हे. २०११ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात १२१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पक्षाघाताला सहा महिनेही न झालेल्या या रुग्णांपैकी एका गटाला चार आठवडे कल्पनेचं प्रशिक्षण दिलं, पण प्रत्यक्ष सरावाशी त्याची सांगड घातली नव्हती. हाताच्या कामात इतरांपेक्षा काहीच जास्त सुधारणा दिसली नाही. त्याआधी २००७ साली संशोधक स्टीफन पेज आणि सहकाऱ्यांनी ३२ रुग्णांना सहा आठवडे प्रत्यक्ष थेरपी दिली. जोडीला अर्ध्यांना त्याच हालचालींची कल्पना करायला लावली, उरलेल्यांना शरीर सैल सोडण्याचा सराव दिला. कल्पनेचा गट स्पष्टपणे पुढे गेला. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२०च्या आढाव्याचा कौलही असाच आहे: इतर उपचारांना जोड म्हणून मनातला सराव हाताला उपयोगी पडतो.

आणि हात नुसता मांडीवर ठेवून दिला की स्नायू आखडतात, खांदा दुखू लागतो, माणूस सगळी कामं चांगल्या हाताने उरकायला लागतो. ती सवय मोडणं फार कठीण जातं.

‘कुणालाही जमतं.’ नाही. मेंदूच्या पॅरिएटल लोबला (वरच्या-मागच्या भागाला) इजा झालेल्या काहींना आपल्या हालचालीचं नीट चित्रच मनात उभं करता येत नाही. ते थेरपिस्टने आधी तपासावं.

‘हमखास’ हा शब्द तर कुठलाच प्रामाणिक डॉक्टर वापरणार नाही. पण उलट टोकाला जाऊन ‘वर्ष उलटलं, आता काही होणार नाही’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. पेज यांच्या रुग्णांना पक्षाघात होऊन सरासरी ३.६ वर्षं झाली होती. हातात थोडीफार हालचाल शिल्लक होती, आणि तरीही ते सुधारले.

तेव्हा घरी करायचंच असेल तर थेरपीचा वेळ कापू नका. कप उचलण्याचा सराव झाला की डोळे मिटून तोच कप उचला. स्वतःला लांबून बघू नका. कोपर सरळ होताना, बोटं कपाभोवती मिटताना, वजन मनगटावर येताना जे आतून जाणवतं ते आठवा. मग पुन्हा खरा कप हातात घ्या.