बोला असं, की अंगाला काही लागू नये

"काम चांगलं आहे, पण कम्युनिकेशनमध्ये जरा कमी पडता," असं पगारवाढीच्या महिन्यात साहेबांनी सुनावलं असेल, तर खचू नका. तुमचं नेमकं कुठं चुकतं ते मी सांगतो. तुम्ही बोललेलं लोकांना कळतं. नोकरीत याहून वाईट खोड नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला खरं तर या विषयाची शिकवणी लागूच नये. घरात मराठी, बसच्या कंडक्टरशी कन्नड, कारखान्याच्या गेटवर हिंदी आणि मेलमध्ये इंग्रजी. पुण्याच्या माणसाला अंग काढून घ्यायला एक भाषा असते, फार तर दीड. आपल्याकडे चार! आणि आपली भोळी माणसं चारही भाषांत एकच गोष्ट सांगत बसतात. ही उधळपट्टी आधी थांबवा. माल कधी निघणार? बेंगळुरूच्या साहेबांना कन्नडमध्ये सोमवार सांगा, शहापूरच्या मालकांना मराठीत गुरुवार, पुण्याच्या ग्राहकाला इंग्रजीत महिनाअखेर. तिघं एका खोलीत येत नाहीत तोवर तुमच्याइतका वक्तशीर माणूस बेळगावच्या उभ्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नाही. आलेच चुकून एकत्र, तर "भाषेमुळं जरा गैरसमज झाला" म्हणा आणि मान खाली घाला. आपल्या भागात भाषेचं नाव निघालं की पुढं कुणी खोदून विचारत नाही. सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवतात.

उशिराबद्दल कसं बोलावं याचे धडे तर आपल्याला घरबसल्या मिळालेत. बेळगावच्या सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. त्यानंतर हलग्याजवळ कर्नाटकाच्या विधिमंडळाचा सुवर्णसौध उभा राहिला, २०१४ साली सरकारदरबारी बेळगावचं बेळगावी झालं, पोरं शाळेतून निघून निवृत्तीला टेकली. पण प्रश्न रखडलाय असं कुठल्या मंत्र्याच्या तोंडून ऐकलंत? तो न्यायप्रविष्ट आहे. आणि तुम्ही चार दिवस राहिलेल्या फाईलबद्दल "विसरलो की ओ साहेब" म्हणून मोकळे होता! ती फाईलही विचाराधीन असू शकते, एवढं सुचत नाही?

व्हॉट्सॲप ग्रुपचं फार अवघड नाही. साहेबांचा मेसेज पडला की पहिल्या मिनिटात 'नोटेड सर'. वाचायची गरज नाही. वाचत बसलात तर दुसरा कुणी आधी टाकेल. मीटिंगमध्ये आधीच्या माणसाचं शेवटचं वाक्य उचलायचं, त्यापुढं "यातच मी थोडी भर घालतो" म्हणायचं, आणि काही न घालता बसायचं.

आता उलटं उदाहरण. प्रत्येक फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, एक जुने मिस्त्री असतात. साचा भरायची वाळू मुठीत दाबतात, मूठ उघडून ढेकळाकडं बघतात आणि सरळ येऊन सांगतात, "साहेब, वाळूत पाणी जास्त झालंय. आज ओतू नका. ओतलासा तर माल पोकळ निघतोय बघा." संपलं! 'पण' नाही, 'तसं बघितलं तर' नाही, कॉपी कुणाला नाही. जादा पाण्याची वाफ होते, ती धातूच्या रसात अडकते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आतून भोकं, पडतात, हे त्यांनी एका दमात सांगून टाकलं. आता साहेबांना निर्णय घ्यावा लागणार. वरिष्ठांना असं कोंडीत पकडणाऱ्याला बढती कोण देणार?

हीच गोष्ट तुम्ही अशी मांडा: "वाळूच्या बाबतीत काही निरीक्षणं आहेत, योग्य वेळी शेअर करतो." योग्य वेळ म्हणजे माल मशीनवर चढून आतली भोकं उघडी पडल्यानंतरची. तेव्हा तुमचा मेल पुरावा म्हणून उभा राहतो. तुम्ही सांगितलं होतं! काय, ते विचारायचं कुणाला सुचत नाही, कारण तोवर मूळ कारण शोधायची मीटिंग लागलेली असते आणि तिथं तुम्ही थोडी भर घालत असता.

रिजेक्शन फारच वाढलं, तर कंपनी संवादकौशल्याची कार्यशाळा ठेवते. कॉलेज रोडवर एखाद्या हॉटेलचा हॉल, बाहेरून आलेला ट्रेनर, डोळे मिटून शेजाऱ्यावर विश्वास ठेवायचा खेळ, दुपारी जेवण, जाताना पाहुण्यांच्या हातात कुंद्याचा डबा. फीडबॅक फॉर्मवर सगळीकडं 'उत्कृष्ट'वर खूण करा. कारण लिहायच्या रकान्यात लिहू नका, लिहिलेलं राहतं.

पाठवायची नावं मात्र तुम्हीच सुचवा, आणि मिस्त्रींचं पहिलं घाला. दिवसभर ते हॉटेलात अडकले, की त्या दिवशीचं ओतकाम बिनबोभाट उरकून घेता येतं.