तासभर का लागला आणि फिल्टर हातानेच का आवळला: एक तारा देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑइल आणि फिल्टर बदलायला आम्ही तासभर घेतला, त्यातला बराच वेळ पोरं नुसती उभी होती. फिल्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली, इंजिनखाली फॉइल लावला, हा कसला जुगाड. स्क्रू ड्रायव्हर आरपार मारून फिल्टर दोन मिनिटांत निघतो हे तुम्ही सांगूनही आम्ही ऐकलं नाही. नवा फिल्टर पान्याने न आवळता हातानेच बसवला. आणि दुसऱ्या दिवशी डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल काळंच दिसलं, म्हणजे बदललं तरी का, अशी शंका. एक तारा देण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट आम्ही समजून-उमजून केली आहे, आणि पुढच्या वेळीही तशीच करू. कारणं इथेच लिहितो, म्हणजे इतरांनाही वाचता येतील.

आधी उभं राहण्याबद्दल. गाडी चालवत आणली तेव्हा इंजिन पूर्ण तापलेलं होतं. त्या अवस्थेत ऑइल नव्वद-शंभर अंशांच्या घरात असतं, हातावर सांडलं तर कातडी सोलवटते. पार थंड होऊ द्यावं तर ते जड होतं आणि तळाचा गाळ घेऊन नीट उतरत नाही. म्हणून कोमट-गरम होईपर्यंत थांबतो. मग वरचं ऑइल भरायचं झाकण उघडतो, म्हणजे आत हवा जाते आणि धार अडखळत नाही. चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट काढून धारेचे थेंब होईपर्यंत ट्रे खाली ठेवतो. एवढ्या वेळात वरच्या वाटांमधलं ऑइलही खाली येतं. ते न उतरताच फिल्टर सोडला, तर फिल्टरमधलं ऑइल अधिक वरून येणारं ऑइल, दोन्ही एकदम अंगावर येतात. बाहेरून बघणाऱ्याला पोरं रिकामी दिसतात, पण ऑइल आपल्या गतीनेच उतरतं, त्याला घाई करता येत नाही.

आता पिशवी. तुमच्या गाडीचा फिल्टर आडवा बसवलेला आहे आणि त्याच्या बरोबर खाली आडवी बीम, बाजूला सायलेन्सरचा पाइप. फिल्टरच्या तोंडाशी आतून रबराची एक चकती असते. इंजिन बंद असताना फिल्टर रिकामा होऊ नये आणि पुन्हा चालू करताना इंजिन कोरडं फिरू नये, हे तिचं काम. म्हणजे फिल्टर काढताना तो भरलेलाच असतो, साधारण पाव लिटर, मोठा असेल तर त्याहून जास्त. चकती जुनी होऊन कडक झाली की ऑइल तिच्या कडेने झिरपतं, आणि मधल्या आट्याच्या भोकातून तर ते येणारच. उभा आणि तोंड वर असलेला फिल्टर सरळ धरून उतरवता येतो. आडव्याच्या तोंडाची, इंजिनला टेकणारी रबर रिंग सुटली की ऑइल खालच्या कडेने वाहू लागतं आणि मिळेल त्या फटीत शिरतं.

म्हणून फिल्टर पान्याने फक्त पाव फेरा सैल करायचा, ऑइल सुटण्याच्या आतच थांबायचं. मग बीमवर फॉइल दाबून त्याचा पन्हळ करायचा, त्याचं टोक ट्रेमध्ये. फिल्टरवर जाड पिशवी चढवून तिचं तोंड मागे इंजिनपर्यंत ओढायचं आणि पिशवीतूनच फिल्टर हाताने हळूहळू फिरवायचा. शेवटचा आटा सुटला की तोंड वर करून पिशवीसकट बाहेर काढायचा. पिशवीच्या तळाशी ऑइल साठतं, बीमवर पडत नाही. याला जुगाड म्हणा, माझी हरकत नाही. महागडं हत्यार वापरूनही आडव्या फिल्टरला याहून स्वच्छ काम होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एवढी उठाठेव कशासाठी, नंतर फडक्याने पुसता येत नाही का? नाही येत, आणि माझ्या दृष्टीने हाच या सगळ्यातला मुख्य मुद्दा आहे. बीमच्या पोकळीत, बोल्टच्या खाचेत, खालच्या कव्हरच्या आत गेलेलं ऑइल फडक्याला लागत नाही. ते पुढे कित्येक दिवस वाऱ्याने सरकत, पसरत, थेंब-थेंब गळत राहतं. सायलेन्सरवर पडलेलं जळून धूर आणि वास येतो. रबरी बुश त्यात भिजत राहिले तर फुगतात, मऊ पडतात. पण सगळ्यात वाईट म्हणजे, गाडीखाली थेंब दिसला तर तो सांडलेल्या ऑइलचा आहे की नव्या फिल्टरच्या रिंगमधून खरोखर गळतोय, हे कोणालाच सांगता येत नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘कामाच्या वेळचं असेल, जाईल’. गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. खरी गळती असेल तर चेंबर रिकामा होत जातो आणि ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत इंजिनचं नुकसान सुरू झालेलं असतं. काम कोरडं झालं असेल तर पहिला थेंबच खरं सांगतो. त्यासाठी अर्धा तास जास्त लागला तर मला तो महाग वाटत नाही.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. निघतो कधी कधी तसा. पण फिल्टरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. फिल्टर अडकलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हर तरफेसारखा ओढल्यावर फिल्टर फिरत नाही, पत्राच फाटत जातो. भोकातून ऑइल हाताच्या कोपरापर्यंत येतं, आणि शेवटी तोंडाची जाड लोखंडी चकती तेवढी इंजिनला चिकटून राहते. ती छिन्नीने काढावी लागते, ऑइल फिल्टर जिथे टेकतो त्या गुळगुळीत पृष्ठभागाच्या अगदी शेजारी. तिथे ओरखडा पडला तर नवी रिंग कधीच नीट बसणार नाही. शिवाय भोक पडल्यावर फिल्टर निघालाच नाही, तर गाडी जागची हलवताही येत नाही. भोक पाडण्याची एक चांगली जागा आहे, तीही सांगतो: तोंड वर, बूड खाली असा लटकणारा फिल्टर आधी सैल करून घेतला, निघणार याची खात्री झाली, की बुडाला छोटं भोक पाडून ऑइल ट्रेमध्ये उतरवता येतं. आडव्याला ते जमत नाही.

आणि फिल्टर अडकतो कशामुळे? बहुतेक वेळा पान्याने आवळल्यामुळे. तुमच्या जुन्या फिल्टरच्या पत्र्यावर पान्याचे दात उमटलेले होते आणि रिंग चपटी होऊन कागदासारखी झाली होती. आधी कुणी तरी जोर लावून बसवला होता, म्हणून तो सैल करतानाही आम्हाला वेळ लागला. नव्या फिल्टरच्या रिंगला नव्या ऑइलचं बोट फिरवायचं, रिंग इंजिनला टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि तिथून पुढे पाऊण फेरा, फार तर एक. बहुतेक फिल्टरच्या खोक्यावर हेच छापलेलं असतं. रबराला दाब पुरेसा हवा, ताकद नव्हे. प्लास्टिकच्या झाकणात कागदी फिल्टर असतो त्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे झाकणावर लिहिलेल्या मापाने टॉर्क पाना (जोर मोजून आवळणारा पाना) लागतो आणि झाकणाची गोल रबरी ओ-रिंग दर वेळी नवीच घालायची. तुमच्या गाडीत तसा फिल्टर नाही.

पोरगा इंजिनला टॉर्च लावून बोट फिरवत बसला होता, हेही तुम्ही लिहिलंय. तो जुनी रिंग शोधत होता. कधी कधी फिल्टर निघतो आणि त्याची रिंग इंजिनलाच चिकटून राहते. काळ्यावर काळी, सहज दिसत नाही. तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर दोन रिंगा एकमेकींवरून सरकतात आणि इंजिन चालू झाल्यावर दाबाने ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. ते बोट फिरवणं मी कुणालाही टाळू देत नाही.

डिपस्टिकवरचं काळं ऑइल डिझेल गाडीत नेहमीचंच आहे. चेंबर कितीही निथळला तरी इंजिनच्या कोपऱ्यांत थोडं जुनं ऑइल राहतंच, आणि डिझेलची काजळी नव्या ऑइलमध्ये लगेच मिसळते. काजळी धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. रंगावरून डिझेलचं ऑइल नवं की जुनं हे ठरवू नका, पातळी बघा.

आता एक विनंती. गाडी सपाट जागी लावा, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि टॉर्च घेऊन फिल्टरच्या मागच्या कडेला बघा. ती कडा आणि खालची बीम कोरडी दिसायला हवी. ओलसर दिसली, अगदी बोटाला लागेल एवढीच, तर फोटो काढून पाठवा आणि गाडी आणू नका, आमचा माणूस तुमच्याकडे येईल. मग काही दिवस वापरून झाल्यावर, सकाळी गाडी सुरू करण्याआधी डिपस्टिक पुसून पातळी एकदा तपासा. दोन खुणांच्या मध्ये असेल तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत त्या फिल्टरला हात लावायची गरज नाही.