शिंगावर घेतलेलं काम

शिंगं मोडून वासरांत शिरायचं माझं वय झालं, पण वासरांनी जागा दिली नाही. म्हणून मी शिंगच घरी आणलं. म्हशीचं. ठासणीच्या बंदुकांच्या काळात कोरडी दारू न्यायला लोक खांद्याला जे शिंग अडकवत, तसं एक आपल्या हातानं घडवायचं, एवढीच माफक हौस. घरात बंदूक नाही आणि दारूही नाही. (बंदुकीची. 'म्हणजे दुसरी आहे?' असं विचारणाऱ्यांनी लेख इथेच सोडला तरी चालेल.)

नळीच्या तोंडातून भरायची आणि गजानं ठासायची असली, तरी कायद्याच्या लेखी ती बंदूकच. तिला १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना लागतो, आणि दारू १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्यात येते. शिंग मात्र मोकळं. अट एकच, ते पाळीव जनावराचं हवं. काळविटाच्या शिंगाच्या किंवा सांबरशिंगाच्या वाटेला जाऊ नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा 'आजोबांच्या वेळेपासून भिंतीवर आहे' ही सबब ऐकून घेत नाही. तसंही सांबराचं ते शिंग नव्हेच. ते भरीव हाड, दरवर्षी गळून पडणारं. खरं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि त्यावर केराटिनचं टोपण. आपली नखं आणि केस ज्याचे होतात तेच हे केराटिन. एवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा छळ यातूनच निघतो.

शिंग निवडताना म्हशीची जात बघावी लागते, स्थळ बघताना बघत नाहीत इतकी. मुऱ्हा म्हशीचं शिंग जिलबीसारखं; त्यात दारू भरली तर बाहेर काढायला पुन्हा म्हैसच बोलवावी लागेल. जाफराबादीचं मानेवर लोंबलेलं आणि जाडजूड. पंढरपुरीचं तलवारीसारखं लांबच लांब, ते खांद्याला लावून दारातून आत येता येत नाही. आपल्याकडे घोटी-इगतपुरीचे डांगी बैल पावसाला पुरून उरतात, पण त्यांची शिंगं आखूड आणि बोजड. हवं ते चौदा-पंधरा इंचांचं, बुडाशी बाळमूठ सहज जाईल एवढ्या तोंडाचं आणि एकाच बाजूला हलकं वळलेलं, म्हणजे बरगडीला नीट चिकटून बसतं. नखानं टिचकी मारून बघा. टणटणीत वाजलं तर घ्या, भदभद वाजलं तर आतून पापुद्रे सुटलेत. बारीक भोकं दिसली तर कसर आत राहायला आलेली आहे, आणि ती भाडेकरार करत नाही.

पांढरट शिंग मिळालं तर उत्तम. तिकडे अमेरिकेत शिकारी आणि शिपाई बैलाचं शिंग खरवडून इतकं पातळ करत, की उजेडासमोर धरलं की आत दारू किती उरली ते बाहेरून दिसे. १७५४ ते १७६३ च्या लढायांत तर शिपायांनी त्यांवर नद्यांचे, किल्ल्यांचे नकाशे कोरून ठेवले. म्हशीचं शिंग काळंकुट्ट. आत काय चाललंय ते कानाशी हलवून कळतं, बहुतेक संसारांसारखं.

आता गाभा काढणं. यासाठी दोन रस्ते आहेत आणि दोन्ही नाकावरून जातात.

पहिला रस्ता पाण्याचा. शिंग बादलीत बुडवून तीन-चार आठवडे ठेवायचं, मधून मधून पाणी बदलायचं. गाभा आणि टोपण यांच्यामधला मांसल थर कुजतो आणि गाभा सुटतो. शेतात विहिरीकाठी हे ठीक. सोसायटीच्या गच्चीवर बादली ठेवली, तर चौथ्या दिवशी सूचनाफलकावर 'गच्चीतील अनधिकृत वस्तूंबाबत' अशी नोटीस लागते आणि खाली सेक्रेटरींची सही नेहमीपेक्षा मोठी असते.

दुसरा रस्ता उकळण्याचा. पाऊण तास रटरटू द्यायचं, मग फडक्यात धरून बुडाची कड लाकडी ठोकळ्यावर आपटायची. नशीब असेल तर गाभा सुळकन बाहेर येतो. नसेल तर पुन्हा पाऊण तास. कुकर वापरू नका. दाबाखाली शिंगाचे थर सुटतात, आणि तो कुकर पुन्हा वरणाला लावायची हिंमत कुणाची होत नाही. केराटिनमध्ये गंधक असतं, ते तापलं की केस जळाल्यासारखा वास सुटतो. हा वास एका जागी थांबत नाही. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्याला शब्दशः लागू पडते: पातेलं आमच्या बाल्कनीत आणि वास थेट सोमेश्वरला. वरच्या काकू जिना उतरून विचारतात, ''अहो, केस वाळवायचं मशीन जळालं का कुणाचं?'' पोळ्याला याच शिंगांना हिंगूळ लावतात, पितळी शेंब्या चढवतात, ओवाळतात. शिंगाखाली बैल असला की कुणी नाक मुरडत नाही.

नाशिककरांनी खरं तर असल्या वेडाला सरावलेलं असायला हवं. आपल्या देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत बसलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलॅली' म्हणू लागले. त्याच देवळालीत आज तोफखान्याची शाळा आहे. एका तालुक्यात तोफा आणि वेड दोन्ही असताना एका शिंगावरून एवढं काहूर कशाला?

गाभा निघाला की पोकळी कुठे संपते ते शोधायचं. शिंग टोकाकडे भरीव असतं. बुडातून तार सरकवायची, अडली की बोटानं खूण धरायची, बाहेर काढून शिंगाच्या अंगावर तीच लांबी मोजायची आणि खडूनं रेघ मारायची. रेघेपुढे सव्वा इंच भरीव भाग ठेवून बारीक दात्यांच्या हॅक्सॉनं टोक कापायचं. सव्वा इंच म्हटलं तरी पावणेदोन ठेवा, कारण पुढच्या कामात चूक होणारच आहे.

ते काम म्हणजे भोक. टोकाकडून आधी तीन मिलिमीटरचं, मग सहाचं. ड्रिल सरळ जातं, शिंग वळतं, आणि दोघंही आपलं सोडत नाहीत. नेम धरला नाही तर बिट पोकळीत न शिरता बाजूनं बाहेर डोकावतं. हे टाळायला वळणाच्या बाहेरच्या बाजूला काडी धरून दिशा ठरवावी, मशीन अगदी सावकाश फिरवावं आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी बिट बाहेर काढावं. जोरात फिरवलं की शिंग तापून चिकट होतं, भुसा बिटला लपेटतो आणि बिट आतच अडकतं. मग शिंगही फिरायला लागतं आणि धरणाराही. बाजूनं भोक पडलंच, तर मागे सरकून पुन्हा कापायचं. जास्तीचा अर्धा इंच इथे कामी येतो. कापलेलं टोक फेकू नका, त्याचं पुढे काम आहे.

यापुढचा भाग सगळ्यांत गंमतीचा, म्हणजे बघणाऱ्यांसाठी. म्हशीच्या शिंगाचं बूड गोल नसतं. ते धड त्रिकोणी नसतं, धड चपटंही नसतं. त्यात लाकडी बूच बसवायचं तर ते गोल करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी लाकडाचा निमुळता शंकू हवा. सातपूर-अंबडला लेथवाल्यांची वाण नाही. पण लेथवाला विचारतो, ''ड्रॉइंग?'' शिंग दाखवलं की म्हणतो, ''साहेब, टॉलरन्स काय धरू?'' मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणाऱ्या माणसाला 'जरा सैलसर' हा टॉलरन्स सांगताना जीभ अडखळते. एका टोकाला दोन इंच, दुसऱ्या टोकाला तीन, लांबी सहा, एवढं कागदावर काढून नेलं तरी तो शेवटी विचारतोच, ''पण हे लागतं कशाला?''

शिंग मऊ करायला उकळतं पाणी पुरतं, अर्धा तास लागतो. घाई असणारे तेल वापरतात. तेल दीडशे अंशांच्या आसपास, पुरी सोडायच्या तेलापेक्षा थोडं कमी, आणि त्यात बूड अर्धा ते एक मिनिट. शिंग आधी कोरडंठाक पुसलेलं हवं, नाहीतर कढई थुंकते. जास्त वेळ राहिलं तर अंगावर फोड येतात आणि शिंग कुरडईसारखं ठिसूळ होतं. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा सेकंदच हातात असतात. शंकू घुसवा, दाबा, फिरवा, आणि रात्रभर तसंच ठेवा. मी स्वतः पाण्याच्या पक्षाचा आहे. पाणी चुका पोटात घालतं. शिवाय तेलाला कढई लागते आणि कढई मागायला स्वयंपाकघरात जावं लागतं.

सकाळी शंकू काढला की बूड झकास गोल दिसतं. त्यावर विश्वास ठेवू नका. शिंगाला स्मरणशक्ती असते. पुन्हा तापलं की ते जुन्या आकाराकडे निघतं. म्हणून बूच त्याच दिवशी बसवून टाकायचं.

बूच पाऊण इंच जाड, आतल्या बाजूला किंचित निमुळतं. लाकूड मुरलेलं हवं. जुन्या नाशकात वाडा पाडला की सागवानाचे तुकडे मिळतात. शंभर पावसाळे बघितलेलं लाकूड आता नव्यानं काय वाकडं होणार? कडेला मधमाश्यांचं मेण चोपडायचं, बूच ठोकून बसवायचं, आणि चारी बाजूंनी आठ खिळे. पितळेचे किंवा बांबूचे. लोखंडाचे नकोत. दारूतला सोरा दमट हवेत लोखंड खातो, आणि दारूशेजारी लोखंडावर लोखंड घासून ठिणगी उडावी अशी इच्छा कुणी धरू नये. प्रत्येक खिळ्याला आधी त्याच्यापेक्षा जरा बारीक भोक पाडा. आळस करून सरळ ठोकला, तर कड तडकते आणि तडा नेमका त्या जागी जातो जिथे कालपर्यंत तुम्ही पाहुण्यांना बोट दाखवत होता.

टोकाच्या भोकाला खुंटी. तंबोऱ्याची असते तशी निमुळती, शिसवाची किंवा बाभळीची. आपल्याकडे खुंटी हलवून बळकट करतात. इथे तो प्रयोग करू नका. आषाढात लाकूड फुगतं, आणि जोर लावून बसवलेली खुंटी शिंगाचं तोंडच फोडते. बोटाच्या जोरानं बसावी, अंगठ्यानं निघावी, आणि वर मेणाचा हात.

घासकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कानस, मग फुटक्या काचेची धार, मग एकशेवीसपासून हजारपर्यंतचे पॉलिश पेपर, शेवटी राखुंडी आणि खोबरेल. पेपर पाण्यात भिजवून वापरा आणि नाकाला फडकं बांधा. ही भुकटी फुप्फुसात जाण्यासारखी नाही. तोंडाकडे पट्टा अडकायला खाच कोरायची आणि बुचाला एक कडी, म्हणजे लटकवायची सोय झाली.

हवाबंद झालं का ते बघायला शिंग बादलीत बुडवून तोंडातून फुंकायचं. बुडबुडे आले तर तिथे मेण. एक धोका असतो. बूच बसायच्या आधीच कुणी हौसेनं जोरात फुंकलं तर ते वाजतं. भर दुपारी रणशिंग फुंकलं गेलं की खालून आवाज येतो, ''काका, आज कुणावर स्वारी?''

आता ते कापलेलं टोक. ते आतून पोखरून त्याचं माप करायचं. शिंगातली दारू सरळ बंदुकीच्या नळीत कधीच ओतत नाहीत. आधीच्या बाराची एखादी ठिणगी नळीत धुमसत असली, तर आग दारूच्या धारेवरून चढून हातातल्या शिंगापर्यंत पोचते, आणि मग माप काय, मापणाराही सापडत नाही. म्हणून शिंगातून मापात आणि मापातून नळीत. ठासणीच्या हत्यारांत हा नियम सगळ्यांत वरचा. आमच्याकडचं माप आता फोडणीच्या मोहरीला लागतं, आणि मोहरी उडाली तरी मापापर्यंत येत नाही.

राहिला प्रश्न, शिंगात भरायचं काय. खसखस भरून बघतात, कारण खसखस सुटली नाही तर दारूही सुटणार नाही. पण खसखशीचा भाव बघता दारूच स्वस्त पडेल. म्हणून राजगिरा. भरलेलं शिंग दिवाणखान्यात खिळ्याला टांगलं आणि पावसाळा, हिवाळा दोन्ही बिनतक्रार गेले. मग एप्रिल आला. पारा चाळिशीकडे गेला, हवा कोरडी खडखडीत झाली, सागवान आकसलं आणि शिंगाला आपली म्हैस आठवली. बूड हळूहळू पुन्हा त्रिकोणी व्हायला लागलं. आठांतले दोन खिळे बाहेर डोकावत होते, बुचाला एका कडेनं नखभर फट पडली होती, आणि सकाळी शिंगाखाली राजगिऱ्याचा एक सुबक ढीग होता. मुंग्यांनी त्याची बाल्कनीपर्यंत रीतसर वाहतूक सुरू केली होती.

उपाय सोपा आहे. बूच काढायचं, बूड पुन्हा मऊ करायचं, शंकू पुन्हा घुसवायचा आणि या खेपेला बूच एका सुताएवढं मोठं करायचं. पाण्यानं भागत नाही असं दिसतंय, तेलच लागेल. शंकू सापडला आहे. कढई कुठे ठेवली आहे, ते मात्र घरात कुणालाच आठवत नाही.